मागच्या सीटसाठी

सेकंडहँड गाडी घरी आली की ओळखीचे लोक तिच्याभोवती एक चक्कर मारतात, टायरवर पायाने टिचकी मारतात आणि मग सल्ले सुरू होतात. काचांना फिल्म लावून घ्या. पुढे लोखंडी गार्ड बसवा. हेडलाइटला पांढरे एलईडी टाका, रात्री दिवसासारखं दिसेल. डहाणूत आमच्या दारात जुनी वॅगन आर उभी राहिली तेव्हा हे सगळे आम्ही ऐकून घेतले आणि सल्लागारांना चहा पाजला. गाडी उंच बांधणीची आहे, अम्मींना गुडघ्यांवर फार जोर न देता आत बसता येते, एवढ्या एका कारणासाठी आम्ही ती घेतली होती. म्हणून कामाची सुरुवातही जिथे अम्मी बसणार होत्या तिथून, म्हणजे मागच्या सीटपासून केली.

आम्हा दोघांपैकी एकाची नोकरी डहाणूत, दुसऱ्याची तलासरीला. गाडी रोज डहाणूहून आशागड, चारोटी आणि तिथून महामार्गाने तलासरीला जाते आणि संध्याकाळी परत येते. महिन्यातून दोनदा अम्मींना वापीच्या दवाखान्यात न्यावे लागते, तेव्हा मुलेही कधी कधी बरोबर असतात. हा महामार्ग म्हणजे मुंबई-अहमदाबाद, पूर्वीचा आठ नंबर, आताचा ४८. त्यावर रिकामी गाडी चालवणे वेगळे आणि मागे आई आणि मुले बसवून चालवणे वेगळे. ज्यांनी हे केले आहे त्यांना जास्त सांगायला नको.

४ सप्टेंबर २०२२ ला, रविवारी दुपारी, याच रस्त्यावर चारोटीजवळ सूर्या नदीच्या पुलावर सायरस मिस्त्री यांची गाडी कठड्याला धडकली. ते गुजरातमधल्या उदवाड्याहून मुंबईला परतत होते, म्हणजे अच्छाड, तलासरी, दापचरी असा आमचा रोजचा रस्ता पार करूनच ते तिथवर आले होते. गाडी महागडी, एअरबॅगवाली. पुढच्या सीटवरचे दोघे गंभीर जखमी झाले पण वाचले. मागच्या सीटवरचे दोघे, मिस्त्री आणि त्यांचे सहप्रवासी, गेले. मागच्या दोघांनी बेल्ट लावलेले नव्हते. त्यानंतर काही दिवस टीव्हीवर मागच्या सीटच्या बेल्टची पुष्कळ चर्चा झाली आणि त्या वर्षी १ नोव्हेंबरपासून मुंबईत वाहतूक पोलिसांनी गाडीतल्या सगळ्यांनाच बेल्ट सक्तीचा केला. खरे तर पुढे तोंड करून बसणाऱ्या मागच्या प्रवाशांनीही बेल्ट लावायचा हा नियम केंद्रीय मोटार वाहन नियमांत आधीपासून होता. न लावल्यास हजार रुपये दंड आहे. चौदा वर्षांखालचे मूल बेल्टशिवाय किंवा मुलांच्या खास सीटशिवाय बसवले तर तोच हजाराचा दंड गाडी चालवणाऱ्याला.

आता आमच्या गाडीत मागे बेल्ट होते कुठे? कागदावर तीन होते. प्रत्यक्षात एकही दिसत नव्हता. आधीच्या मालकांनी जाड रेक्झिनची सीट कव्हर चढवली होती, चांगली, टाके घट्ट, आणि बकल तिन्ही त्या कव्हरच्या खाली गाडले गेले होते. वाचकांनी एकदा स्वतःच्या किंवा भावाच्या, मेहुण्याच्या गाडीत मागे हात घालून बघावे. आम्ही नात्यातल्या आणि शेजाऱ्यांच्या गाड्यांत मुद्दाम बघितले, बऱ्याच ठिकाणी हेच. कव्हर नवीन असताना शिवणारा विचारतो, "मागचे बेल्ट बाहेर काढू का?" आणि मालक म्हणतो, "राहू दे, कोण लावतंय."

कव्हर फाडून टाकायची गरज नव्हती. कुशनचे काम करणाऱ्या एका कारागिराकडे सीट उचलून नेली. त्याने बकलच्या जागी तीन चिरा दिल्या आणि कडेला रेक्झिनची पट्टी मारून दिली, म्हणजे चीर पुढे फाटणार नाही. दीडशे रुपये घेतले. त्याच बैठकीत त्याच्याकडून आणखी एक काम करून घेतले. बकल मऊ पट्ट्यावर असतो, सोडला की आडवा पडतो आणि सीटच्या फटीत जातो. ज्याची बोटे आखडलेली आहेत त्याला तो तिथून काढता येत नाही. म्हणून कव्हरवरच रुंद इलॅस्टिकचा एकेक फास शिवून घेतला, बकल त्यात उभा राहतो. तो ओढून बघितला, मोकळा हलतो, बेल्टच्या मार्गात काही येत नाही. अम्मींचे मोतीबिंदूचे ऑपरेशन झालेले, काळ्या सीटवर काळा बकल त्यांना दिसत नसे, तर बकलच्या कडेने लाल नेलपॉलिशची रेघ ओढली. आत थेंब जाऊ द्यायचा नाही एवढे सांभाळायचे.

एवढे करून झाल्यावरही अम्मी बेल्ट लावीनात. "गळ्याला फास लावल्यासारखं वाटतं रे बेटा," म्हणाल्या.

इथे पुष्कळ घरांत वाद सुरू होतो. मुलगा कायदा सांगतो, सून अपघाताच्या बातम्या सांगते, आणि म्हातारे माणूस गप्प बसून खिडकीबाहेर बघते. आमचे मत असे झाले आहे की माणसे बेल्टला नाही म्हणतात तेव्हा दहातल्या नऊ वेळा त्यांना कुठेतरी खरोखरच टोचत असते. अम्मींची उंची कमी. मागच्या बेल्टला वर-खाली करायची सोय नाही. खांद्यावरून जायचा पट्टा त्यांच्या मानेवरून जात होता. मग त्यांचे म्हणणे चूक कसे म्हणायचे? गादीवाल्याकडून दोन इंच जाडीची, काथ्याची घट्ट बैठक करून घेतली, तिला खालून दोन नाड्या लावल्या आणि सीटला बांधली, म्हणजे ती सरकत नाही. मऊ उशी चालत नाही. मऊ उशी दाबली जाते आणि माणूस ब्रेकच्या झटक्यात पट्ट्याखालून पुढे घसरू शकते. या दोन इंचांनी पट्टा मानेवरून खांद्याच्या मधोमध आला. पट्ट्याला जुन्या सुती ओढणीची एक पातळ बाही शिवून घातली. पट्टा ढिला धरून ठेवणाऱ्या क्लिपा बाजारात मिळतात, त्या घेतल्या नाहीत. ढिला पट्टा धक्का बसेपर्यंत कामाचाच नसतो.

दुसरी अडचण बुरख्याची होती आणि ती पुरुषांच्या कधी ध्यानात येत नाही. स्कार्फची पिन नेमकी त्या खांद्यावर, जिथून पट्टा जातो. झटका बसला तर ती हाडात रुतेल. पिन दुसऱ्या बाजूला लावायची. कमरेचा पट्टा बुरख्याच्या घड्यांवरून पोटावर घ्यायचा नाही. मोकळा कपडा थोडा वर उचलून पट्टा खाली, कमरेच्या हाडांवर बसवायचा आणि कपडा परत वरून सोडायचा. दिवस गेलेल्या बाईनेही असेच, पट्टा पोटाच्या खालून, मांड्यांच्या वर घ्यायचा. आमच्या घरातल्या बायकांना आता याची सवय झाली आहे, दहा सेकंदांचे काम आहे. अम्मी आता बकलचा "टक्" आवाज आल्याशिवाय "चल" म्हणत नाहीत. ड्रायव्हरने लावला की नाही हेही मागून विचारतात.

गुडघेदुखीच्या माणसासाठी आणखी एक साधी गोष्ट. आधी सीटवर पाठमोरे बसायचे, मग दोन्ही पाय एकदम आत घ्यायचे. सीटवर सॅटिनचा तुकडा टाकला तर वळणे फार सोपे जाते. आत बसल्यावर तो ओढून काढून घ्यायचा, कारण जे वळायला सोपे तेच घसरायलाही सोपे.

मुलांचे प्रकरण सोपे नव्हते. धाकटा सहा वर्षांचा, त्याला मांडीवर बसवायचा काळ संपलेला आणि मोठ्यांचा बेल्ट त्याच्या गळ्यावर येतो. उंची साधारण १३५ सेंटिमीटर होईपर्यंत मुलाला उंचीची बैठक, म्हणजे बूस्टर, लागते. ती मात्र घरी शिवायची वस्तू नाही, तपासून प्रमाणित झालेलीच घ्यावी. तिथे आम्ही पैसे वाचवले नाहीत. मांडीवर बाळ घेऊन पुढच्या सीटवर बसलेली आई आपल्याकडे रोज दिसते. धडकेच्या वेळी कुठल्याही आईचे हात मूल धरून ठेवू शकत नाहीत, हात कितीही मायेचे असोत. मागच्या दाराच्या कडेला एक छोटी खिट्टी असते, ती खाली केली की दार आतून उघडत नाही. तिला काही खर्च नाही, पण पुष्कळ लोकांना ती ठाऊकच नसते.

अम्मींची एक मागणी मात्र आम्ही पुरी करू शकलो नाही. त्यांना मागच्या खिडकीला पडदा हवा होता. चारोटी नाक्यावर गाडी थांबली की दोन्ही बाजूंनी ट्रकवाले वरून आत बघतात, त्याचा त्यांना संकोच. संकोच खरा आहे. पण सर्वोच्च न्यायालयाने २७ एप्रिल २०१२ च्या निकालात गाडीच्या काचांवर काळी फिल्म किंवा दुसरे काही लावायला मनाई केली. नियमाप्रमाणे पुढच्या-मागच्या काचेतून निदान ७० टक्के आणि बाजूच्या काचांतून ५० टक्के उजेड आरपार गेला पाहिजे. कायदा बाजूला ठेवला तरी, महामार्ग सोडून आत वळताना डाव्या मागच्या खिडकीतूनच सायकलवाला दिसतो. अम्मींना एकदा स्टेअरिंगमागे बसवले आणि मागच्या काचेवर चादर धरून विचारले, "आता रिक्षा दिसते का?" त्यांनी मान हलवली, पडद्याचा विषय संपला. आता नाका आला की त्या पदर पुढे ओढून घेतात. ऊन लागू नये म्हणून आम्ही गाडी चिकूच्या किंवा आंब्याच्या सावलीत लावतो आणि उभ्या गाडीत पुढच्या काचेमागे चंदेरी पडदा ठेवतो. चिकूच्या सावलीला गाडी लावली तर वटवाघळांची घाण येते, हे डहाणूकरांना सांगायला नको.

चिकूवरून डिकी आठवली. हंगामात आमच्या गाडीत एखाद-दोन क्रेट असतातच, घोलवडहून नातेवाइकांसाठी. डिकीत जुन्या जाहिरातीच्या फ्लेक्सचा तुकडा मापाने कापून टाकला आहे, चिकाचे डाग त्यावर राहतात, धुतला की झाले. पण क्रेट सीटच्या पाठीपेक्षा उंच रचायचा नाही आणि दोरीने बांधल्याशिवाय गाडी हलवायची नाही. ब्रेक दाबला की मागे मोकळी असलेली प्रत्येक वस्तू पुढे येते, आणि पुढे म्हणजे मुलांच्या डोक्यावर. मागच्या काचेखालच्या फळीवर लोक छत्री, डबा, टॉर्च, काय काय ठेवतात. आमची फळी रिकामी असते.

पाण्याच्या कॅनचेही तसेच. तलासरीहून परत येताना हिवाळ्यात मगरिब रस्त्यातच होते, म्हणून वुजूसाठी पाच लिटरचा कॅन आणि जानमाज गाडीत असतात. पाच लिटर म्हणजे पाच किलो. तो कॅन आधी पायाशी मोकळा असायचा, आता ड्रायव्हरच्या सीटच्या मागे एका जुन्या पट्ट्याने सीटच्या पायाला बांधला आहे. पाण्याची छोटी बाटली ड्रायव्हरच्या पायांजवळ कधीच नको. ती घरंगळत ब्रेकखाली गेली तर ब्रेक दाबलाच जात नाही. ड्रायव्हरच्या पायाखालच्या मॅटचेही तेच, एकावर एक दोन मॅट टाकू नयेत आणि जी आहे ती हुकात अडकवलेली असावी. पावसाळ्यात चिखल वाढला की लोक वरून आणखी एक रबरी मॅट टाकतात. आम्ही मॅटखाली जुनी वर्तमानपत्रे घालतो, ओली झाली की बदलतो.

आता दिव्यांकडे. चारोटी ते तलासरी रात्री जाताना रस्त्याच्या कडेने माणसे चालत असतात. डोक्यावर मोळी किंवा पोते, अंगावर मळखाऊ कपडे, हातात दिवा नाही. त्यांना बघता यावे म्हणून दिवा चांगला हवा, आणि समोरच्याचे डोळे दिपू नयेत म्हणून तो खाली झुकलेला हवा, कारण दिपलेल्या डोळ्यांना हीच कडेची माणसे दिसत नाहीत. आमच्या हेडलाइटच्या काचा म्हातारपणाने पिवळ्या पडल्या होत्या. त्या पॉलिश करून घेतल्या, दिव्याचा झोत गॅरेजच्या भिंतीवर बघून खाली घेतला आणि मूळचाच ६०/५५ वॅटचा बल्ब ठेवला. फरक इतका पडला की आम्हाला नवे काही विकायला आलेला माणूस नाराज झाला. जास्त वॅटचा बल्ब टाकला की होल्डर आणि वायर तापतात. साध्या हेडलाइटच्या खोबणीत स्वस्तातला एलईडी बसवला की उजेड नको तिथे फाकतो.

दोन दारांच्या आतल्या कडेला, खालच्या बाजूला, लाल चमकणारी पट्टी चिकटवली आहे. रात्री दार उघडले की मागून येणाऱ्या गाडीला ती दिसते. अम्मींना उतरायला वेळ लागतो, दार दोन मिनिटे उघडे असते. वीस रुपयांची पट्टी.

समुद्राकाठी राहणाऱ्यांनी गंजाकडे बघावे. किनाऱ्यावरची खारी हवा पत्रा खाते आणि ती वरून खात नाही, आतून खाते. प्रत्येक दाराच्या खालच्या कडेला पाणी निघून जाण्यासाठी बारीक भोके असतात. ती मातीने बुजतात, कधी खालून कोटिंग मारताना त्यावरही थर बसतो, मग पावसाचे पाणी दारातच साठते. दर पावसाळ्याआधी खराट्याच्या काडीने ती मोकळी करतो. स्टेपनीच्या खळग्यातले पाणीही तेव्हाच पुसून घेतो.

२०१८ च्या नोव्हेंबरपासून आपल्या तलासरी-डहाणू भागात धुंदलवाडीच्या आसपास भूकंपाचे धक्के सुरू झाले, ते वाचकांच्या आठवणीत असतील. थंडीत लोक घराबाहेर झोपत होते. तेव्हापासून आमच्या ड्रायव्हरच्या दाराच्या खणात टॉर्च आणि डिकीत एक पातळ ब्लँकेट असते, गाडी बदलली तरी ही सवय बदलली नाही.

लोखंडी गार्ड आम्ही बसवला नाही. केंद्र सरकारने डिसेंबर २०१७ मध्येच अशा गार्डवर कारवाई करायला राज्यांना सांगितले आहे. धडकेत गाडीचा पुढचा भाग चेपून मार पचवतो, गार्ड तो मार सरळ सांगाड्यात नेतो, आणि पायी चालणाऱ्याला लागला तर विचारूच नका. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे आरसी बुकातली माहिती बदलेल असा कुठलाही फेरफार करता येत नाही. सीएनजी किट बसवायचे झाले तर मान्यताप्राप्त किट आणि आरसीवर नोंद लागते, विमा कंपनीलाही कळवावे लागते. वर सांगितलेल्या आमच्या कामांपैकी एकाचीही आरसीवर नोंद करावी लागत नाही. सीट कव्हर नवे शिवायचे असेल तर एक सांगून ठेवतो. हल्लीच्या कितीतरी गाड्यांत सीटच्या कुशीतच एअरबॅग असते, त्या बाजूची शिवण तिथे मोकळी ठेवणारेच कव्हर घ्यावे. बेल्ट न लावताच अलार्म बंद करणाऱ्या क्लिपा मिळतात, त्यांचे तर नावच नको. मे २०२३ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने पाच मोठ्या ऑनलाइन विक्रेत्यांना त्या विकायला बंदी केली.

एक गोष्ट राहिली आणि ती शिवणकामाने सुटत नाही. गाडी पाच जणांची आणि खानदान मोठे. गेल्या हिवाळ्यात चिंचणीला निकाह होता. खाला आणि त्यांच्या दोन मुली आमच्याकडे आलेल्या, म्हणजे आम्ही आठ जण. "ॲडजस्ट होऊ की, जवळच तर जायचंय," खाला म्हणाल्या. मागे तीन बेल्ट, मधला नुसता कमरेचा. त्यांना सांगितले, खाला, दोन फेऱ्या करू. त्या रुसल्या. पहिल्या फेरीत त्यांना आणि मुलींना पोहोचवले, दुसऱ्या फेरीत अम्मी आणि आमची मुले. निकाहला उशीर झाला नाही, जेवणाला मात्र दुसऱ्या पंगतीला बसावे लागले. खाला अजून पूर्ण बोलत नाहीत. पण परवा फोनवर त्यांनी अम्मींना विचारले म्हणे, ती काथ्याची बैठक कुठल्या गादीवाल्याकडून करून घेतली, आणि नाड्या किती लांब ठेवायच्या.